दिलेले कुणाचे?

साखरपुडा मोडला की दोन्ही घरांत काही दिवस शांतता असते. कुणी कुणाकडे जात नाही; मिस्सेनंतर ओळखीची माणसे नजर चुकवून चर्चबाहेर पडतात. मग केव्हातरी स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात, प्रश्न निघतो : अंगठीचे काय करायचे? अंगठीमागोमाग साखळी येते, शालू येतो, मुलाला दिलेले घड्याळ येते, हॉलसाठी भरलेली आगाऊ रक्कम येते. विवाहानंतर नाते तुटले तर ही यादी आणखी लांबते आणि आवाजही हलका राहत नाही. देणाऱ्याला वाटते, ज्या कारणासाठी दिले ते कारणच उरले नाही, तेव्हा वस्तू आमची. घेणाऱ्याला वाटते, एकदा दिले ते दिले. दोघेही मनापासून बोलत असतात, आणि आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. हा प्रश्न सर्वस्वी वकिलावर सोपवून मोकळे होता येत नाही ते याचमुळे. तथापि वकिलाकडे काय उत्तर मिळते, ते आधी पाहून घेणे बरे.

आपल्या देशात देणगीची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या १२२व्या कलमात दिली आहे. अस्तित्वात असलेली वस्तू स्वखुशीने, मोबदला न घेता दुसऱ्याला देणे आणि त्याने ती दात्याच्या हयातीत स्वीकारणे म्हणजे देणगी. जमीन किंवा घर द्यायचे तर नोंदणी केलेले बक्षीसपत्र लागते आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. दागिना, घड्याळ, साडी यांना नुसते हाती देणे पुरते. एवढे झाले की मालकी बदलली. देणाऱ्याचा राग, पश्चात्ताप, अपेक्षाभंग यांपैकी कशानेही ती मागे फिरत नाही. फसवून किंवा धाक घालून मिळवलेली देणगी रद्द करवून घेता येते, ही गोष्ट वेगळी. १२६वे कलम आणखी एक वाट ठेवते : देताना दोघांनी मिळून एखादी अट ठरवली असेल, आणि ती दात्याच्या इच्छेवर अवलंबून नसलेल्या घटनेची असेल, तर ती घटना घडल्यावर देणगी रद्द होऊ शकते. मात्र दात्याला वाटेल तेव्हा परत घेता येईल अशा बोलीवर दिलेली देणगी मुळातच शून्य ठरते. हा नियम आम्हाला फार विचार करण्याजोगा वाटतो. दोरी स्वतःच्या हातात ठेवून दिलेल्या वस्तूला या रुक्ष कायद्याने देणगी म्हणण्यासच नकार दिला आहे.

आता अंगठी. ती बोटात घालताना ‘लग्न झाले नाही तर परत दे’ असे म्हणणारा नवरदेव अजून जन्माला यायचा आहे. पण न उच्चारलेली अट तिथे असते की नसते? साखरपुड्याच्या अंगठीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कलम नाही. म्हणून आम्ही जरा मागे जाऊन एका जुन्या शब्दाचा आधार घेणार आहोत. तो शब्द म्हणजे विसार.

वसई-विरारच्या पट्ट्यात ज्याने वाडी विकली किंवा सदनिका घेतली त्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. विसार ही पुरी किंमत नसते आणि देणगी तर नसतेच नसते. शब्द दिला आहे आणि तो पाळला जाईल, याची ती खूण असते. हिब्रू भाषेत या अर्थाचा ‘एराबोन’ हा शब्द उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात येतो. यहूदा तामारला एक करडू पाठवण्याचे कबूल करतो आणि ते येईपर्यंत गहाण म्हणून स्वतःची मुद्रा, गोफ आणि काठी तिच्या हाती देतो. तेच शब्दरूप ग्रीकमध्ये गेले, आणि संत पौलाने करिंथकरांस व इफिसकरांस लिहिताना पवित्र आत्म्यासाठी ते वापरले. मराठी शास्त्रपाठात तिथे ‘विसार’ हाच शब्द आढळतो. आजच्या ग्रीक भाषेत साखरपुड्यालाच त्या मुळाचे नाव आहे. लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये गेलेला ‘अर्रास’ हा शब्द तेथील कॅथलिक विवाहविधीत वर वधूला देतो त्या १३ नाण्यांसाठी वापरतात. व्यापाऱ्यांच्या पेठेतला शब्द वेदीपर्यंत पोहोचला, ही गोष्ट आम्हाला योगायोगाची वाटत नाही.

रोमन कायद्याने या विसाराचा मोठा काटेकोर हिशेब ठेवला होता. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या ३१९ सालच्या कायद्याप्रमाणे पुरुषाने वाग्दान मोडले तर त्याने दिलेल्या वस्तू त्याला परत मिळत नसत. वधूपक्षाने मोडले तर त्या त्यांना परत कराव्या लागत. ३३६ साली त्याने दोघांपैकी एकाच्या मृत्यूचाही विचार केला. वाग्दानाच्या वेळी चुंबन झाले असेल तर निम्म्या वस्तू जिवंत राहिलेल्याच्या आणि निम्म्या मृताच्या वारसांच्या. चुंबन झाले नसेल तर सर्व देणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे परत. (न्यायाधीशासमोर याची साक्ष कोण देत असे, असा प्रश्न आमच्यासारख्या अरसिकांना पडतो.) पुढच्या काळात विसार घेऊन वाग्दान मोडणाऱ्या वधूपक्षाला चौपट भरपाई द्यावी लागे, ४७२ साली सम्राट लिओने ती दुपटीवर आणली.

या साऱ्या नियमांचा कणा एकच होता : दोष कुणाचा? आधुनिक कायद्याने मात्र हा प्रश्न विचारणे बव्हंशी सोडून दिले आहे. इंग्लंडमध्ये १९७० साली झालेल्या कायद्याने वाग्दानभंगाचा दावा बंद केला आणि अंगठीबद्दल असे गृहीत धरले की ती पूर्ण देणगीच आहे. परतीच्या अटीवर दिली होती, असे देणाऱ्याने सिद्ध केले तरच ती परत मिळते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा निवाडा याच्या नेमका उलट आहे. तिथे १९५९ पासून असा नियम होता की ज्याचा दोष नाही अशा दात्यालाच अंगठी परत मिळावी. २०२४ च्या नोव्हेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयासमोर सत्तर हजार डॉलरच्या एका अंगठीचा वाद आला. न्यायालयाने जुना नियम सोडून दिला आणि सांगितले की विवाह झाला नाही तर अंगठी देणाऱ्याकडे परत जावी, मोडणारा कोणी का असेना. एका देशाने अंगठीला भेट मानले, दुसऱ्याने विसार मानला. दोष मोजण्याचा तराजू मात्र दोघांनीही खाली ठेवला.

आपल्या ख्रिस्तसभेची भूमिका या दोहोंपेक्षा निराळी आहे, आणि ती आपल्या कुटुंबांत फारशी ठाऊक नाही. १९८३ च्या कॅनन संहितेचे १०६२वे कलम म्हणते की विवाहाचे वचन दिले म्हणून कुणालाही विवाह करण्यास भाग पाडता येणार नाही. मात्र वचनभंगाने नुकसान झाले असेल तर त्याच्या भरपाईची मागणी करता येते. स्वातंत्र्य शेवटपर्यंत अबाधित. वेदीसमोर उभे राहण्याच्या आदल्या संध्याकाळीही नाही म्हणता येते, म्हणता आले पाहिजे. कारण भीतीने किंवा लाजेने दिलेला होकार हा होकारच नव्हे. पण त्या नकाराची किंमत दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. हॉलचे पैसे, छापलेल्या पत्रिका, शिवायला टाकलेले कपडे हे सारे या भरपाईच्या विचारात येते. साखरपुडा मोडणे हे दरवेळी पाप नसते. कित्येकदा ते उशिरा सुचलेले शहाणपण असते, आणि अशा वेळी अंगठीचा वाद त्या शहाणपणाला शिक्षा ठरू नये.

आमचे मत सांगायचे तर साखरपुड्याची अंगठी हा विसार आहे आणि वाढदिवसाला दिलेली साडी ही भेट आहे. दोन्ही एकाच माणसाने, एकाच वर्षात, एकाच प्रेमाने दिलेल्या असल्या तरी त्यांचा न्याय एक नव्हे. साडी त्या दिवसाच्या आनंदासाठी दिली. तो दिवस साजरा झाला, देणे पूर्ण झाले. अंगठी पुढे यायच्या दिवसासाठी दिली. तो दिवस येणार नाही असे ठरल्यावर ती बोटात ठेवणे म्हणजे न झालेल्या व्यवहाराचा विसार ठेवून घेणे होय. कायद्याने ती ठेवता येत असेलही. म्हणून ती ठेवावी, असे मात्र ठरत नाही. आणि जो मुलगा पगारातून हप्ते भरून ती अंगठी आणतो त्याने ती मागितली तर त्याला कद्रू म्हणण्याची घाई आपण करू नये.

भेटीचे तसे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी अॅरिस्टॉटलचा आधार घेऊन म्हटले आहे की परतफेडीच्या हेतूने जे दिले जात नाही तेच खरे दान. आणि दानाचे मूळ प्रेम असल्यामुळे आपण दुसऱ्याला सर्वांत आधी देतो ते प्रेमच, बाकीच्या वस्तू त्याच्यामागून जातात. हे मान्य केले तर दिलेली भेट परत मागणारा एक विचित्र गोष्ट करत असतो. त्या दिवशी त्याने प्रेमाने दिले होते. आज मागून तो म्हणतो की ते उसने होते. साडी परत येते, पण ज्या दिवशी ती दिली तो दिवस खोटा पडतो, आणि तो त्याचा स्वतःचाही दिवस होता.

सर्वांत कठीण प्रकार या दोहोंच्या मधला आहे. आजीच्या पाटल्या, पणजीची मोहनमाळ. होणाऱ्या सुनेच्या हाती त्या देताना घरातली वडील बाई त्या एका मुलीला देत नसते. पिढ्यांमधून आलेल्या एका माळेत तिला ओवत असते. कायदा ही माळ ओळखत नाही. हाती दिले, स्वीकारले, मालकी बदलली. पण साखरपुडा मोडल्यावर त्या पाटल्या मुलीने न सांगता परत द्याव्यात, असे आम्हाला निःसंशय वाटते. विवाह होऊन वीस वर्षे झाल्यावर नाते तुटले तर मात्र हेच उत्तर चालणार नाही. त्या घरची मुलेबाळे तिच्या पोटी झाली आहेत. माळ आता तिच्यातूनच पुढे जाते. तिने त्या पाटल्या स्वतःच्या मुलीला किंवा सुनेला दिल्या तर आजीचा हेतू पुरा झाला, आणि त्यांची मागणी करणाऱ्या दिराला आजीचे नाव पुढे करण्याचा अधिकार उरला नाही.

आणि दोष? न्यायालयांनी तो तराजू खाली ठेवला, कारण दोन माणसांच्या मनात काय घडले हे तिसऱ्याला दिसत नाही. ज्याच्या मनात ते घडले त्याला मात्र दिसते. म्हणून आम्हाला वाटते की दोषाचा विचार करायचाच तर प्रत्येकाने स्वतःच्या दोषाचा करावा. ज्याने दुसरीकडे मन गुंतवून वचन मोडले, त्याने विसाराची अंगठीही मागू नये. आणि ती जिच्याकडे आहे तिने, स्वतःचे मन आधीच बदलले होते हे ठाऊक असेल तर, ती मागण्याची वाट पाहू नये.

इथवर आम्ही सोडून देण्याच्या बाजूने बरेच बोललो. याच बोलण्याचा आपल्या समाजात फार मोठा गैरवापर होतो, त्याकडे आता वळले पाहिजे.

समजा, एक मुलगी चार वर्षांच्या संसारानंतर दोन पिशव्या घेऊन माहेरी परतली. आईवडिलांनी घातलेले सोने सासूच्या कपाटात आहे. लग्नानंतरच्या आठवड्यातच ते ‘नीट राहावे म्हणून’ तिथे गेले होते. ती ते मागू लागते, आणि चार वडीलधारी माणसे तिला समजावतात : जाऊ दे, बाई. सोन्याने काय होणार? क्षमा कर, देव तुला देईल. कुणी लूकच्या सहाव्या अध्यायाची आठवण देतो, जिथे प्रभूने आपली वस्तू नेणाऱ्याकडून ती परत न मागण्यास सांगितले आहे. वचन खरे आहे. पण ते ऐकणाऱ्याने स्वतःला लावून घ्यायचे आहे. कपाटाची किल्ली कमरेला असलेल्याने ते उच्चारणे याला आम्ही उपदेश म्हणू शकत नाही. त्याच लूकच्या १९व्या अध्यायात जक्कय आहे. ज्याच्याकडून अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देण्याचे तो उभा राहून सांगतो, आणि तारण त्याच्या घरी येते. तिला सहावा अध्याय वाचून दाखवणाऱ्यांपैकी कुणी सासरच्या घरी जाऊन एकोणिसावा वाचला आहे काय?

कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याचे २०वे कलम ख्रिस्ती कुटुंबांना लागू आहे, आणि विवाह केल्याने कुणालाही जोडीदाराच्या मालमत्तेत हक्क मिळत नाही, असे ते सांगते. (गोव्यात विवाहाबरोबर मालमत्ता सामाईक होण्याची पद्धत असल्याने तेथील हिशेब निराळा.) हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ सर्व धर्मीयांना लागू आहे. हुंडा देणे-घेणे हा गुन्हाच. पण घेतला गेलाच तर तो जिच्या विवाहानिमित्त घेतला तिला ठरावीक मुदतीत, एरवी तीन महिन्यांत, द्यावा लागतो, आणि तोवर ठेवणारा तो तिच्यासाठी विश्वस्त म्हणून ठेवतो, असे सहाव्या कलमात म्हटले आहे. हिंदू स्त्रीच्या स्त्रीधनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली असाच निर्णय दिला : ते सासरच्या घरात ठेवले म्हणून सामाईक होत नाही, आणि परत देण्यास नकार देणे हा फौजदारी स्वरूपाचा विश्वासघात ठरतो. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने लग्नातील सोने गमावलेल्या केरळमधील एका स्त्रीला पंचवीस लाख रुपये देण्याचा आदेश पतीला दिला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला आणखी एक निवाडा आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथे घटस्फोट होऊन मुलीने पुनर्विवाह केला होता, आणि तिच्या वडिलांनी पूर्वीच्या सासरकडून तिचे स्त्रीधन मिळावे म्हणून फिर्याद दिली होती. मुलगी हयात असून तिने वडिलांना तसा अधिकार दिलेला नसताना त्यांना ते मागता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. ज्याने कदाचित स्वतः ते सोने घडवून दिले असेल त्या बापालाही नाही! निकाल कठोर वाटतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा की क्षमा करायची झाली तरी ती तिनेच करायची. मागण्याचा अधिकार तिच्या वडिलांना नाही, तर ‘जाऊ दे’ म्हणण्याचा अधिकार काकांना, शेजाऱ्यांना, समाजाच्या पुढाऱ्यांना कुठून आला? वस्तू आधी तिच्या हाती यावी. मग तिने ती ठेवली, विकली, कुणाला दिली किंवा सोडून दिली, तर त्या सोडण्याला काही मोल. हाती नसलेले सोडायला लावणे म्हणजे घेणेच.

हुंडा कायद्याखाली १९८५ साली झालेल्या नियमांनुसार लग्नातील भेटींची लेखी यादी ठेवायची असते : वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, त्याचे नाते, आणि खाली वधूवरांच्या सह्या. अशी यादी केलेले घर आमच्या पाहण्यात नाही. आहेराची वही मात्र घरोघरी असते! हॉलच्या दाराशी बसलेला चुलतभाऊ पाकिटावरचे नाव आणि आतली रक्कम चुकता लिहून घेतो, कारण उद्या त्यांच्या घरच्या कार्याला तेवढे तरी द्यावे लागणार. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी शंभर वर्षांपूर्वी दानावरील आपल्या प्रबंधात दाखवले की देणे, घेणे आणि परत देणे ही तिन्ही बंधनेच असतात. त्यांना आपली वही दाखवली असती तर ते खूष झाले असते. परतफेड लिहून ठेवण्यात आपल्याला संकोच वाटत नाही. नव्या सुनेचे काय ते लिहून ठेवायचे म्हटले की मात्र विश्वास नाही का, असा प्रश्न येतो.

एक युक्तिवाद अलीकडे कानावर येतो. ख्रिस्तसभेच्या न्यायमंडळाने विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय दिला, की सासरची माणसे म्हणतात : लग्नच नव्हते तर सून कसली आणि दागिने कसले? हे म्हणणे चुकीचे आहे. तो निर्णय विवाहबंधनाविषयी असतो, वस्तूंच्या मालकीविषयी नव्हे. अशा विवाहातील मुले ख्रिस्तसभेच्या दृष्टीने औरसच राहतात. शिवाय परस्परांविषयीच्या आणि मुलांच्या पालनपोषणाविषयीच्या नैतिक व दिवाणी कर्तव्यांची जाणीव दोघांना निकालपत्रातच करून द्यावी, असे कॅनन संहिता सांगते. बंधन नव्हते म्हणून देणे संपले, असे ख्रिस्तसभा कुठेही म्हणत नाही.

राहिली पत्रे. पूर्वी साखरपुडा मोडला की पत्रांचे पुडके परत जाई, आणि ते परत देणे हा शिष्टाचार समजला जाई. १७४१ साली इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोप यांनी आपली पत्रे छापणाऱ्या प्रकाशकावर दावा केला, तेव्हा न्यायालयाने ठरवले की पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, पण ते छापण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेही लेखनाचा पहिला मालक लेखकच मानला आहे. वस्तू एकाची आणि तिच्यातले शब्द दुसऱ्याचे, असे हे एकच देणे असावे. आता पुडके बांधायला काही उरलेले नाही. संदेश दोघांच्याही फोनमध्ये आहेत, छायाचित्रे दोघांकडे आहेत, आणि परत दिले तरी ती जात नाहीत. अंगठीसाठी मध्यस्थ म्हणून बसणाऱ्या धर्मगुरूंनी किंवा वडीलधाऱ्यांनी तिची पावती लिहून घेतल्यावर या छायाचित्रांचा विषयही तिथेच काढावा, आणि दोघांनी एकमेकांची छायाचित्रे समोरासमोर बसून पुसून टाकावीत.